फाइल परत नकोय, पण ती कॉम्प्युटरवर होती आणि कधी उडवली हे दाखवता येतं का?

हो, बऱ्याचदा येतं. आणि तुम्ही नेमकं विचारलंत, बहुतेक लोक फाइलच परत आणा म्हणून मागे लागतात. तुमचं म्हणणं असं की सोसायटीच्या ऑफिसातल्या विंडोज पीसीवर खर्चाची एक्सेल शीट होती, आता नाहीये, रिसायकल बिनपण साफ आहे आणि जुने सेक्रेटरी म्हणतायत असली फाइल कधी नव्हतीच.

आधी एक काम करा, तो पीसी बंद करा आणि त्यावर रिकव्हरीचं कुठलंही सॉफ्टवेअर टाकू नका. कारण पुढे कळेलच.

मी एका छोट्या कंपनीत सिस्टिम सांभाळतो, फॉरेन्सिकवाला नाही, पण आमच्याकडे एकदा स्टॉकची शीट अशीच गायब झाली आणि ते लचांड माझ्या गळ्यात पडलं. विंडोजची डिस्क एनटीएफएस (फाइली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत) असते, तिच्यात एमएफटी नावाचं एक रजिस्टर असतं समजा, प्रत्येक फाइलला त्यात साधारण १०२४ बाइटचा एक रेकॉर्ड, त्यात नाव, साइज, तारखा, डेटा डिस्कवर कुठे पडलाय ते. फाइल डिलीट केली की हा रेकॉर्ड कोणी पुसत बसत नाही, फक्त 'वापरात आहे' हा फ्लॅग उतरतो आणि जागा मोकळी धरली जाते. म्हणजे भाडेकरू गेला पण दारावरची पाटी तशीच. नवीन फाइल आली की ती पाटी जाते, म्हणूनच वर म्हटलं काही इन्स्टॉल करू नका.

आता गंमत. मी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं यंत्र) लावून जोडली, पूर्ण इमेज म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल घेतली, ऑटोप्सीत टाकली (डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) आणि डिलीटेड फाइलींत आमचं नाव शोधलं तर काहीच नाही. अर्धा दिवस डोकं खाजवलं. मग कळलं की फाइल बिनमध्ये गेली की विंडोज तिचं नावच बदलतं, डॉलर आर ($R) आणि पुढे सहा कसलीतरी अक्षरं, एक्स्टेंशन तेवढं राहतं. मूळ नाव शोधून ते कसं सापडणार! पण तिच्याबरोबर डॉलर आय ($I) आणि तीच सहा अक्षरं अशी एक चिमुकली फाइल बनते, तिच्यात मूळ पाथ (फाइल कुठल्या ड्राइव्हच्या कुठल्या फोल्डरात होती ते), साइज आणि बिनमध्ये टाकल्याची वेळ असते. ही फाइल इतकी लहान की तिचा मजकूर एमएफटीच्या रेकॉर्डमध्येच मावतो, वेगळी जागा लागतच नाही. त्यामुळे बिन रिकामा केला तरी रेकॉर्ड वापरला जाईपर्यंत तो पाथ तिथेच बसलेला. आमचा तिथेच सापडला, अख्खा, डी ड्राइव्हपासून फाइलच्या नावातल्या 'फायनल फायनल २' पर्यंत.

डिस्क एसएसडी (नवी चिपवाली) असेल तर ट्रिममुळे, म्हणजे मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच पुसते त्यामुळे, शीटमधले आकडे बहुधा गेलेच समजा, पण एमएफटीतली ही नोंद ट्रिमने जात नाही, म्हणून तुमच्या कामाला आशा आहे.

दुसरी जागा यूएसएन जर्नल, डिस्कवरच्या बदलांची विंडोजने ठेवलेली डायरी. फाइल बनली, नाव बदललं, डिलीट झाली, प्रत्येकाची ओळ त्यात वेळेसकट पडते. एमएफटीच्या रेकॉर्डमध्ये डिलीट केल्याची वेळ नसते हे लक्षात ठेवा, 'मॉडिफाइड' तारीख दाखवून तीच डिलीटची म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. जर्नलमध्ये आधी मूळ नावाची ओळ, लगेच खाली त्याच रेकॉर्ड नंबरवर डॉलर आरवालं नवं नाव, आणि नंतर कधीतरी त्याच नंबरची डिलीटची ओळ, म्हणजे बिन कधी साफ केला तेही कळतं. फक्त जर्नलची साइज ठरलेली असते, जुन्या ओळी मागून गळत जातात, खूप महिने झाले असतील तर भरवसा नाही.

वेळ वाचताना सांभाळा हं. एनटीएफएस वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं, आपण साडेपाच तास पुढे. मला १:१२ दिसलं आणि मी जेवणाच्या सुट्टीत कोण जागेवर होतं ते विचारत फिरलो, एका बिचाऱ्या पोरावर संशयही घेतला. खरी वेळ संध्याकाळची ६:४२ होती, तेव्हा तो लोकलमध्ये होता. नंतर त्याला चहा पाजला.

शीट पेनड्राइव्हवरही होती का बघा. तिथे बहुधा फॅट (एनटीएफएसऐवजीची जुनी पद्धत) असतं, त्यात डिलीट केलं की छोट्या नावाचं फक्त पहिलं अक्षर मारलं जातं, हिशोबचा नुसता 'इशोब' दिसतो, लांब नाव असेल तर ते बहुतेक पूर्ण वाचता येतं. पण तिथल्या वेळा आपल्या घड्याळाच्याच असतात, त्यांत साडेपाच मिळवू नका.

प्रकरण कोर्टात नेणार असाल तर स्वतः काही उघडू नका, जाणकाराकडून इमेज आणि हॅश (नक्कल बदललेली नाही हे दाखवणारा, डेटावरून काढलेला आकडा) करून घ्या, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं आणि त्यात हॅश द्यावा लागतो.

आणि कोणी केलं? बिनमध्ये प्रत्येक विंडोज अकाउंटचं वेगळं फोल्डर असतं, त्यावरून अकाउंट कळतं, माणूस नाही. तुमच्याकडे सगळे एकाच लॉगिनने बसतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा फाइल होती आणि अमुक वेळी उडाली इतकंच हातात येईल.