क्वेरी स्ट्रिंगमध्ये रिकामी किंमत (नावापुढे लिहिलेली व्हॅल्यू) पाठवावी की ते नावच गाळावे?

केळीभावाच्या आपल्या पानावर वापरकर्त्याने तालुका निवडलाच नसेल, तर ‘तालुका’ हे नाव क्वेरी स्ट्रिंगमधून (यूआरएलमधील ‘?’ नंतरच्या भागातून) पूर्णपणे गाळावे; आधी भरलेला तालुका त्याने मुद्दाम पुसला असेल, तरच ‘तालुका=’ असे, पुढे काहीही न लिहिता, पाठवावे. पहिल्याचा अर्थ ‘सांगितलेले नाही’ असा होतो आणि दुसऱ्याचा ‘रिकामे असे सांगितले आहे’ असा. ‘किंमतच नाही’ हे दाखवणारे तिसरे चिन्ह यूआरएलमध्ये नाही; यूआरएलची रचना सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ३९८६ या मानकात नाव-किंमत या जोड्यांची रचनाच ठरवलेली नाही, आणि ब्राउझर पाळतात त्या मानकानुसार ‘तालुका’ व ‘तालुका=’ हे दोन्ही रिकामी स्ट्रिंग म्हणूनच वाचले जातात. खरा घोटाळा एन्कोडिंगच्या वेळी, म्हणजे किंमती यूआरएलच्या रूपात लिहिताना, होतो: जावास्क्रिप्टचे यूआरएल-सर्च-पॅराम्स नल (null, म्हणजे ‘काहीच नाही’) या किंमतीचे चक्क ‘नल’ हे अक्षरी रूप लिहिते, पायथनचे यूआरएल-एन्कोड त्याच अर्थाच्या नन (None) या किंमतीचे तसेच करते, आणि मग सर्व्हर रावेर, यावल, चोपडा यांच्या यादीत त्या नावाचा तालुका शोधून, कोणतीही चूक न दाखवता, रिकामे उत्तर देतो. म्हणून अशा किंमती एन्कोड करण्यापूर्वीच गाळाव्यात, मात्र त्यांच्याबरोबर शून्य गाळले जाऊ नये, कारण ‘किमान आवक ०’ ही खरी किंमत आहे. (पीएचपीचे एचटीटीपी-बिल्ड-क्वेरी नल स्वतःच गाळते.) एक अट लक्षात ठेवावी: क्वेरी स्ट्रिंग वाचणारे पायथनचे पार्स-क्यूएस रिकाम्या किंमती मुळातच टाकून देते, त्यामुळे सर्व्हर पायथनवर असल्यास त्या राखण्याचा पर्याय तेथे स्पष्टपणे चालू करावा लागतो.