त्याची छाती हलत होती ना, ताई?

*ताई, आम्ही सिडकोत राहतो. माझा धाकटा भाऊ सातपूरला कंपनीत होता, वय २६. दोन महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्ट करून येताना त्याची बाइक घसरली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी ब्रेन डेड सांगितलं. अवयवदानाचा विषय मीच काढला, पप्पांनी सही केली. दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना, तेव्हा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, “छाती हलत असताना पोराला कापायला दिलं, तो सुटेल कसा?” बाकीचे म्हणतात, रडू नकोस, तो पाच जणांत जिवंत आहे. त्याची तर जास्तच चीड येते. पप्पा त्या दिवसाबद्दल बोलतच नाहीत. आम्ही घाई केली का? आणि ज्याला त्याचं हृदय मिळालं, त्याला एकदा तरी बघता येईल का?*
*– एक बहीण, नाशिक*

बाळा, घाई केली का, हे आधी बोलू. नाही केली.

छाती हलत होती, कारण व्हेंटिलेटर हवा भरत होता. हृदयाचे ठोके हृदय स्वतःच सुरू ठेवतं, त्याला मेंदूची आज्ञा लागत नाही. प्राणवायू मिळतोय तोवर ते काही काळ चालतं. श्वासाला मात्र मेंदू लागतो. म्हणून १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ मेंदू कायमचा बंद पडलाय का, याची तपासणी करतं, तीही दोनदा, मध्ये किमान सहा तास जाऊ देऊन. प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा डॉक्टर त्यात चालत नाही. डोळ्यांवर प्रकाश टाकतात, कानात थंड पाणी सोडतात आणि शेवटी, ऑक्सिजन चालू ठेवून, व्हेंटिलेटर बाजूला करून बघतात की हा स्वतःहून एक तरी श्वास घेतो का. घेतला, तर ब्रेन डेड म्हणतच नाहीत. अवयव काढले तेव्हा तुझा भाऊ गेलेला होता. तुम्ही नकार दिला असतात, तरी तो घरी आला नसता.

कावळ्याचं म्हणशील, तर रामकुंडावर रोज सकाळी इतके पिंड मांडलेले असतात की तिथले कावळे उपाशी कधी नसतातच. ज्यांनी काहीही दान केलेलं नाही, त्यांच्या घरचेही तिथे ताटकळतात आणि शेवटी दर्भाचा कावळा करतात. आत्याचा राग मात्र धरू नकोस. तिनेही भाचा गमावलाय आणि कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय तिला ते सोसत नसावं. पण पुन्हा तेच बोलली तर ऐकून घ्यायचं नाही. “आत्या, हे माझ्यासमोर नको,” एवढं स्पष्ट सांगायचं.

आता “पाच जणांत जिवंत आहे.” लोक चांगल्या मनाने म्हणतात, पण मलाही ते खटकतं. कुणाची तरी डायलिसिसची फेरी थांबली, कुणाच्या घरात बाप परत आला, हे खरं आहे आणि मोठं आहे. पण तुझ्याशी रिमोटवरून भांडणारा तो एकच होता. अवयवदानाने तुझं नुकसान भरून निघत नाही. ते त्यासाठी केलेलंही नव्हतं. तेव्हा रड. अभिमान वाटलाच पाहिजे असंही नाही. कधी वाटेल, कधी नुसतं पोट तुटेल. आणि एखाद्या दिवशी बरं वाटलं, तर त्याला विसरले की काय म्हणून स्वतःला बोल लावू नकोस.

हृदय कुणाला मिळालं ते कळणार नाही. नाशिकमधल्या दात्याच्या अवयवांचं वाटप पुण्याच्या विभागीय समितीच्या प्रतीक्षायादीप्रमाणे होतं आणि नावं दोन्ही बाजूंपासून गुप्त ठेवतात. मला ते योग्य वाटतं. उद्या त्या माणसाची तब्येत बिघडली, तर तुला भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. पेशंट बरा आहे का, एवढं मात्र हॉस्पिटलमध्ये अवयवदानाचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरना विचारून बघ. सांगता येण्यासारखं असेल तर सांगतील.

राहिले पप्पा. पत्रातली मला खरी काळजी त्यांची वाटली. विषय तू काढलास, सही त्यांनी केली. म्हणजे आत्याचं वाक्य दोघांनाही लागलंय. तुला त्रास नको म्हणून ते गप्प, त्यांना नको म्हणून तू. त्यांना ती दोन तपासण्यांची आणि सहा तासांची गोष्ट सांग. तेवढ्याने मनातली शंका गेली नाही, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि दोघं मिळून जा. पप्पांना त्यांचे प्रश्न त्यांच्याच तोंडाने विचारू दे, तू मध्ये बोलू नकोस.