यूकेत सुपरमार्केटच्या सर्वात स्वस्त रेंजवर चौघांचं घर भागेल का?

भागतं, पण सगळंच त्या रेंजमधलं घेऊ नका. आमच्याकडे दोन वाढती मुलं आहेत, त्यामुळे 'ॲस्डा' सुपरमार्केटची ती पिवळी 'जस्ट इसेन्शियल्स' पाकिटं (त्यांची सर्वात स्वस्त रेंज, २०२२ मध्ये जुन्या 'स्मार्ट प्राइस' रेंजच्या जागी आली) बरीच वापरून झालीत.

मीठ, साखर, फ्रोझन वाटाणे, ओट्स डोळे मिटून घ्या. ओट्स मिक्सरमधून काढून त्यात बेसन, बारीक कांदा, ओवा घालून थालीपीठ लावते. मुलांना अजून पत्ता नाही. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो. पाणी ओतून टाका, धुवा, फोडणीत सोडा.

टोमॅटोच्या स्वस्त डब्यात मात्र रसच फार, फोडी नावाला. कांद्याबरोबर तेल सुटेपर्यंत परतायचं, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल, मग चिमूटभर गूळ. घाई केलीत तर भाजी आंबट-पाणचट होणार.

तांदळाला मी फसले. तो लांब दाण्याचा तांदूळ वरणभातात मिळूनच येत नाही, दाणा न् दाणा वेगळा! फोडणीच्या भातात संपवला. तांदूळ, डाळी नि कणीक तेव्हापासून देशी दुकानातून, मोठ्या पिशवीत.

आणि शेल्फवरच्या लेबलवर बारीक अक्षरात किलोमागचा भाव असतो, तो वाचा. मोठं पाकीट कधीकधी महाग पडतं. खालच्या फळीवर वाकून बघायला विसरू नका, स्वस्त माल बहुतेक तिथेच असतो.