आखाजीची लेक आणि ठिपक्यांचा शार्क

प्रश्न : ताई, माझा भाचा सुरतला कामाला आहे, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. गुजरातेत वेरावळकडे बोटीएवढा मोठा शार्क जाळ्यात सापडलाय आणि मच्छीमार त्याला सोडवायला स्वतःचंच जाळं कापताय. जाळं काय फुकट येतं का? आणि शार्क म्हणजे माणसं खाणारा ना, मग त्याच्यावर एवढी दया कशाला?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, आधी त्या बिचाऱ्यावरचा आळ काढते. अंगावर पांढरे ठिपके होते ना? मग तो व्हेल शार्क. नावात व्हेल असलं तरी देवमासा नाही, कल्ल्यांनी श्वास घेणारा मासाच आहे, जगातला सगळ्यात मोठा, 12 मीटरपर्यंत सहज वाढतो म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही लांब. पण खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव, छोटे मासे, माशांची अंडी. तोंड उघडून पाणी आत घेतो आणि गाळून सोडतो, आपण चहा गाळतो तसं. दात हजारोंनी आहेत पण इवलेसे, चावायच्या कामाचेच नाहीत. माणसाला तो खात नाही.

उलट माणसानेच त्याला मारलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर गळाला मोठाले पिंप बांधून त्याची शिकार व्हायची, म्हणून तिकडे त्याचं नावच बॅरल पडलं होतं. लिव्हरचं तेल लाकडी बोटींना लावायचं, मांस परदेशात पाठवायचं. 2001 मध्ये त्याला वाघासारखं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत घेतलं, असं संरक्षण मिळालेला आपल्या देशातला तो पहिला मासा. पण ज्याचं पोट समुद्रावर आहे त्याला नुसता कायदा दाखवून कसं चालेल?

मग 2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनविभाग आणि टाटा केमिकल्स यांनी त्याला वाचवायची मोहीम काढली आणि रामकथाकार मोरारीबापू त्यात आले. ते म्हणाले, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, हिला कोण मारेल? बस, बॅरलची झाली व्हाली, म्हणजे लाडकी. मला हे वाचून आपली खानदेशातली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयाच आठवली हो, सासुरवाशीण येणार म्हणून घरोघर झोके बांधतात ना तेच, आणि गंमत बघा, व्हाली तिकडे दिसायची तीही उन्हाळ्यातच, आखाजीच्याच आसपास. ज्यांच्या हातात गळ होता त्याच खारवा या मच्छीमार समाजाच्या लोकांनी पुढे शेकडो व्हाली जाळी कापून सोडल्या, मला याचं फार अप्रूप वाटतं.

दया कशाला विचारता, तर हा मासा वयात यायलाच पंचवीसेक वर्षं घेतो. तैवानकडे 1995 मध्ये एका मादीच्या पोटात 300 पिल्लं निघाली होती, म्हणजे एक मादी मेली की किती जीव जातात बघा.

आता जाळ्याचं. तुमचं बरोबर आहे, गरिबाचं जाळं म्हणजे त्याची शेतीच. म्हणून भरपाई मिळते, गुजरातमध्येही आणि आपल्या महाराष्ट्रातही; आपल्याकडे 2018 मध्ये ती 25 हजारांपर्यंत ठरली होती. पण त्यासाठी सोडवतानाचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यावे लागतात. तुमच्या भाच्याकडे आलेला व्हिडिओ कोणीतरी बहुतेक त्यासाठीच काढला असेल.