बांधावरचं तण आणि भेकरं

काजूच्या बागेत आणि भाताच्या बांधावर भेकरं, म्हणजे भुंकणारी लहान हरणं, येतात, तण खुडून जातात. त्यांना त्यातून मिळतं तरी काय आणि तणनाशक मारलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बांधावर मारू नका.

मिळतं भरपूर. भाताच्या पेंढ्यात, सुकं वजन धरलं तर, प्रथिनं जेमतेम 3 ते 5 टक्के. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू नीट चालायला निदान 7 टक्के लागतात. माठाच्या कोवळ्या पाल्यात ती 20 च्या पुढे जातात. केना हे तणही चांगलं, पण त्यात पाणीच फार. भेकर 20 ते 28 किलोचं जनावर. गाईएवढं पोट नसल्यामुळे पेंढ्यासारखं चिवट खाऊन त्याचं भागत नाही, थोडक्यात सत्त्व असलेलंच वेचावं लागतं.

आमच्या राजापूरकडच्या मळ्यात श्रावणात बांधावर बसून बघा. कुर्डूचे शेंडे तेवढे गेलेले असतात, खालची राठ पानं तशीच. तुटलेली कड दोरे निघाल्यासारखी फाटलेली असते, कारण भेकराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ससा खातो तेव्हा सुरीने तिरपं कापल्यासारखं दिसतं. शेंडाच का, तर तण फुलावर आलं की देठात काष्ठ भरतं, प्रथिनं उतरतात आणि तेच तण पचायला जड होतं. तेव्हा तणाच्या नावापेक्षा त्याचं वय बघा.

सगळंच तण कामाचं नाही. टाकळा आपण कोवळा असताना भाजीला खुडतो, पण जून झाल्यावर त्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. घाणेरीने यकृत बिघडतं. आणि युरिया भरपूर पडलेल्या वाफ्यातला माठ उपाशी शेळीपुढे भारा भरून टाकू नका, त्यातल्या नायट्रेटने रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. भेकर या झाडाचा एक घास, त्या झाडाचा एक घास घेत फिरतं, म्हणून त्याला हा धोका कमी.

माझं ऐकाल तर बांध एकदम साफ न करता आलटूनपालटून कोयत्याने अर्धा अर्धा कापा. कापलेल्या भागाला पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी येते, आणि तीच सर्वांत कसदार. रानमोडी मात्र ठेवू नका. थंडीत फुलायच्या आत मुळासकट उपटा, नाहीतर पुढच्या पावसात बांधावर कुर्डूला जागाच राहणार नाही.