‘ओइजा: ओरिजिन ऑफ ईव्हिल’ हा भुताचा सिनेमा बघण्यासारखा आहे का? त्याआधी पहिला भाग बघावा लागेल का?

पहिला (२०१४) बघूच नका. तो इतका टुकार होता की त्याच्या नावामुळे या २०१६च्या बिचाऱ्याकडूनही कुणाला फारशी आशा नव्हती. खर्च ९० लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडचं चहापाणी. दिग्दर्शक माइक फ्लॅनगन. गोष्ट १९६७ची, लॉस एंजेलिसमधली: विधवा ॲलिस दोन मुलींना हाताशी धरून आत्मे बोलवायचं नाटक करते, त्यावर घर चालतं.

मी हा दाजींच्या टीव्हीवर लावला होता. मध्येच वर उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकून गेला. दाजी म्हणाले, “पायरेटेड उचललास ना? प्रिंट बघ.”

आता माझे वडील तालुक्याच्या टॉकीजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर. तो ठिपका मी केबिनमधल्या स्टुलावर बसून भिंतीच्या भोकातून शेकडो वेळा पाहिलाय. रीळ संपत आल्याची ती खूण: पहिल्या ठिपक्याला पुढचं रीळ चढवलेल्या दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, सात सेकंदांनी दुसरा आला की चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावर दुसऱ्या मशीनचं चित्र. हुकलं की पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. त्या सात सेकंदांत अण्णांशी बोलायची आईचीही टाप नव्हती. रिळं गेल्यावर काढलेल्या सिनेमात फ्लॅनगनने ते ठिपके मुद्दाम घातलेत, युनिव्हर्सलचा जुना लोगोसुद्धा लावलाय. हे सगळं मी सांगितलं. दाजी म्हणाले, “असेल,” आणि मोबाइल काढला.

त्यात त्यांचा सगळ्यात भारी प्रसंग गेला. धाकटी डोरिस बहिणीच्या मित्राला सांगते, गळा आवळून मरताना काय काय वाटतं ते. शाळेतली कविता म्हणावी तशी, गोड आवाजात. मुलींच्या शाळेतल्या फादर टॉमचा प्रसंगही तसाच भारी. मेलेल्या बायकोबद्दल विचारताना तो मनात मुद्दाम खोटी उत्तरं धरतो, आणि पोरीकडून तीच खोटी उत्तरं येतात! म्हणजे बायको वगैरे कोणी नाही, याचं डोकं कुणीतरी वाचतंय.

हां, शेवटचा अर्धा तास तळघर, शिवलेली तोंडं आणि ताणलेले जबडे यांत वाया घालवलाय, ते मान्य. पण तोवर वसूल होतो.

दाजी अजून प्रत्येक लग्नात “याची ती पायरेटेड” सांगून हसवतात. तेव्हा बघताना शेजाऱ्याचा मोबाइल आधी काढून घ्या. आणि दाजी, १२० रुपये भरून भाड्याने घेतला होता. मेसेज जपून ठेवलाय.