भावाने बाजारातून पिशवीभर चायना खेळणी आणली आहेत. दोन वर्षांच्या मुलीला द्यावीत का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी दोन वर्षांची आहे, हातात येईल ते तोंडात घालते, आणि धाकटा आठ महिन्यांचा आहे. भावाने आठवडी बाजारातून बिनछापाची खेळणी आणि एक वॉकर आणलाय. नाही म्हटलं तर भाऊ रुसतो, हो म्हटलं तर जीव धास्तावतो. मी आर्वी तालुक्यात जनरल स्टोअर्स चालवतो, एकोणीस वर्षं झाली. म्हणजे असली खेळणी विकणाऱ्यांतलाच मी एक. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

सगळं फेकू नका. पिशवी जमिनीवर पालथी करा आणि आधी एकच बघा, कशाकशात सेल आहे आणि त्याचं झाकण स्क्रूने बंद आहे की नखाने उघडतं. नाण्यासारखा चपटा सेल नखाने निघत असेल तर ती वस्तू आत्ताच उचला. रंग, प्लास्टिक, कोणत्या देशाचं, हे सगळं मागून.

काहून म्हणतो ते सांगतो. दिवाळीत माझ्याच दुकानातून पुतण्याने लाइटवाली गाडी नेली. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेल्या मालातली, खोक्यावर सगळी चिनी अक्षरं. गाडीच्या पोटाला स्क्रू होता, तो मीच घट्ट करून दिला. रिमोट मात्र बिस्किटाएवढा पातळ. खालचा ट्रे ओढला की सेल हातात. तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याचं पोट्टं लाळ गाळत बसलं. पावणेदोन वर्षांचं लेकरू, जेवायला तोंड उघडेना. घरच्यांना वाटलं रुपया गिळला. आमच्या वहिनींनी जुन्या रिवाजाप्रमाणे केळं भरवलं, म्हणजे नाणं सरकून खाली जाईल. केळंही बाहेर आलं. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडापुढं धरली आणि बोट ठेवून दाखवलं. नाण्याची एकच कड दिसते, इथं कडेच्या आत आणखी एक बारीक कड होती, ताटात ताट ठेवावं तशी. "हे नाणं नाही, सेल आहे. बसू नका, निघा." गाडी करून वर्धा गाठलं, तिथं दुर्बिणीने सेल काढला. तोवर पाचेक तास झाले होते. लेकरू वाचलं. पण अन्ननलिका आतून भाजली होती, पुढे ती आकसली, आणि फुगा घालून रुंद करायला तीनदा दवाखान्याच्या चकरा झाल्या. अजूनही पोळी वरणात कुस्करूनच खातं.

घरी आल्यावर मला झोप लागेना. एवढासा सेल, शॉक म्हणावा तर लागत नाही, मग भाजलं कशानं? डॉक्टरांनी समजावलं होतं ते असं. सेल ओल्या मांसाला दोन्ही अंगांनी टेकला की त्यातून करंट वाहतो, आणि ऋण टोकापाशी कास्टिक सोड्यासारखा तिखट क्षार तयार होतो. सेल फुटावा लागत नाही. खेळणं चालवायचं बळ त्यात उरलं नसेल तरी भाजण्यापुरतं उरतं. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. मी दुकानात मटणाचा एक ओला तुकडा घेतला, त्यावर नवा सेल ठेवला, वरून दुसरा तुकडा. बुडबुडे लवकरच आले. दोन तासांनी उघडून पाहिलं तर सेलच्या मापाचा काळा चट्टा. त्यानंतर आठ दिवस मटण नको वाटलं. पण जे गिऱ्हाईक "भाऊ, तुमी उगाच घाबरवता" म्हणतं, त्याला मी हा किस्सा सांगतो.

आता दोन तासांचा आपल्याकडचा हिशोब करा. अर्धा तास घरात "काय झालं" यात. मग गाडी कोणाची मिळते ते. तालुक्याला एक्स-रे, आणि दुर्बीण जिल्ह्याला नाहीतर नागपूरला. म्हणून शहरातल्या माणसाने झाकण एकदा बघावं, तर आपण तीनदा.

लेकराने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायची नाही, केळं नाही, भात नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राचा सल्ला असा आहे की मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळून बारा तास व्हायचे असतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध जखम भरत नाही, भाजणं थोडं लांबवतो. मध घरात नसेल तर शोधत बसू नका, निघा. आणि तुमच्या आठ महिन्यांच्या बाळाला मध अजिबात नाही.

चायनाचं म्हणून वाईट का, हा तुमचा दुसरा प्रश्न. पूर्ण हो म्हणत नाही. २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्लीकडच्या बाजारातली आयात खेळणी तपासली, तर सुमारे दोन तृतीयांश नापास झाली. म्हणून केंद्राने आधी आयात कर २० टक्क्यांचा ६० केला, पुढे ७०. आणि १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, देशी असो की परदेशी. तेव्हापासून होलसेलवाल्यांकडच्या खोक्यांवर मार्क दिसू लागला. बाजारात चादरीवर मांडलेल्या मालावर मात्र अजूनही काहीच नसतं, आणि खरं सांगायचं तर तोच माल जास्त खपतो. मार्क असेल तर वर साध्या खेळण्यावर आयएस ९८७३, विजेच्या किंवा सेलच्या खेळण्यावर आयएस १५६४४ असं लिहिलेलं असतं, आणि खाली सीएम/एल म्हणून परवान्याचा आकडा. तो आकडा भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव निघतं. नाव निघालं नाही तर मार्क छापून घेतलेला समजा. मीही आता आकडा टाकून पाहिल्याशिवाय खोकं उचलत नाही. होलसेलवाला तोंड वाकडं करतो, करू द्या.

पण देशी म्हणून डोळे मिटू नका. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या हाती लाकडाचा नंदी देतो. नोंदणी असलेल्या कारागिरांच्या हस्तकलेच्या वस्तूंना या मार्कातून सूट आहे, त्यामुळे त्यावर शिक्का शोधून सापडणार नाही. नंदीला कोणता ऑइल पेंट मारला हे सुताराला तरी कुठं ठाऊक असतं? घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग आहे, २०१७ पासून. पण त्याच्या दुकानातला डबा कधीचा, कोण पाहतं? शिसं चवीला गोडसर, म्हणून लेकरू शिंगं चाटतच राहतं, आणि ते हळूहळू मेंदूवर जातं. तुमची मुलगी तोंडात घालते म्हणता, तर तिचा नंदी बिनरंगाचा घ्या. माझ्या नातीचा तसाच आहे, नुसतं तेल चोळलेलं सागवान. गावातली पोरं हसली, "आजोबा, हा नंदी उघडाच!"

छोट्या तुकड्यांसाठी माझ्या गल्ल्यावर सव्वा इंची पीव्हीसी पाइपचा सहा सेंटिमीटर लांब तुकडा ठेवलाय, शेतात सगळ्यांकडे पडलेला असतो. तीन वर्षांखालच्या मुलाचं खेळणं किंवा त्याचा निघणारा भाग त्यात पुरता बुडाला तर तो घशात अडकू शकतो. नियमातलं मापाचं नळकांडं ३१.७ मिलिमीटरचं असतं. आपला पाइप आतून थोडा मोठा, त्यामुळे चूक झालीच तर लेकराच्या बाजूची होते. बाहुल्यांचे डोळे आणि गाडीची चाकं ओढून पाहा, निघाली तर पाइपात टाका. चुंबकाच्या गोळ्या असतील तर मोजमाप नको, सरळ काढा. दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकींना चिकटतात आणि आतडं भोकलं जातं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पण तसेच, पोटात जाऊन फुगतात.

वॉकर परत द्या. कॅनडाने २००४ पासून बंदीच घातली आहे, आणि त्यांच्याकडे आपल्यासारखा ओटा, उंबरठा, जमिनीवरची चूलही नाही. भावाला माझं नाव सांगा, दुकानदारानेच नको म्हटलं म्हणून.

काढलेले सेल उघडे ठेवू नका. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळा, मगच कचऱ्यात टाका. आमच्या पुतण्याकडे रिमोटातला दुसरा सेल फळीवर तसाच पडून होता, तो मी आठ दिवसांनी जाऊन उचलला.